येसू सायाळ आणि तालमीचा तास

एका जंगलात, मुलांनो, चुन्याची एक भट्टी होती. सिंहमहाराजांच्या गुहेला वर्षातून चार वेळा सफेदी लागत असे, म्हणून ती भट्टी कधीही विझत नसे. जनावरे तेथे दोन पाळ्यांत राबत. सूर्य उगवताना दिवसपाळी येई, मावळताना रातपाळी.

येसू सायाळ दिवसपाळीला होती आणि तिचा नवरा कोंडाजी रातपाळीला. एका बिळातील दोघांना एका पाळीत घेऊ नये, असा नियम होता. नवराबायको शेजारी उभी राहिली की बोलतात आणि बोलणाऱ्यांचे फावडे मंदावते, असा शोध भट्टीच्या मुकादम तरसाने लावला होता. भट्टीला सुट्टी नव्हती, म्हणून जनावरांनाही नव्हती. दोघांची भेट होई ती भट्टीच्या दारात, एकाच्या हातातले फावडे दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंत.

"घ्या," येसू म्हणे.

"दे," कोंडाजी म्हणे.

सात वर्षे हा संसार सुखाने चालला होता, असे भट्टीच्या अहवालात नमूद आहे.

एके दिवशी दवंडी पिटली गेली. श्रमिकांच्या जीवनावर श्रमिकांनीच एक नाटक करावे, अशी महाराजांची इच्छा होती. ते बसवण्यासाठी राजधानीहून आचार्य धनेश येणार होते. हा धनेश पक्षी चोचीने मोठा आणि आवाजाने त्याहून मोठा होता. नाटकात भाग घेणाऱ्यांना तालमीसाठी रोज मावळतीपूर्वीचा एक तास मिळणार होता, दोन्ही पाळ्यांना मिळून एकच.

दवंडीत 'अभिव्यक्ती' होती, 'अस्मिता' होती. येसूने ते शब्द ऐकून सोडून दिले. तिने 'तास' तेवढा उचलला आणि दोघांचीही नावे नोंदवून टाकली.

"अगं, मला कुठं नाटक येतंय?" फावडे घेताना कोंडाजी कुजबुजला.

"मला तरी कुठं येतंय? पण तास मिळतोय ना!"

आचार्यांनी प्रथम सर्वांच्या मुलाखती घेतल्या.

"तुम्ही पतीशी रोज काय बोलता?" त्यांनी येसूला विचारले.

"घ्या, म्हणते."

"आणि ते?"

"दे, म्हणतात."

आचार्यांचे डोळे पाणावले. "सात वर्षांचा विरह, आणि दोन शब्द! बाई, नाटकाचा प्राण सापडला."

पहिल्या तालमीला आचार्य उशिरा आले. तोवर येसू आणि कोंडाजी जांभळीखाली बसली होती. बिळाच्या मागच्या तोंडातून पाणी झिरपते, हे सांगून झाले. मग त्याच्या पाठीवरचे तीन काटे नाहीसे झालेले तिला दिसले.

"अहो, हे कधी झालं?"

"परवाच्या शिमग्याला."

"आणि मला आज कळतंय!"

"तू विचारलंस कुठं?"

"कधी विचारणार होते? दारात पाठ दाखवली होतीत का मला?"

दोघे इतकी हसली की उरलेले काटे खळखळ वाजले.

तेवढ्यात आचार्य पोचले आणि तालीम सुरू झाली. येसूने "घ्या" म्हटले. आचार्यांचा चेहरा पडला.

"मुलाखतीत या शब्दात तहान होती. आज तुम्ही पोटभर बोललेल्या दिसता. हे चालायचे नाही."

दुसऱ्या दिवसापासून येसूची तालीम सकाळी आणि कोंडाजीची सायंकाळी ठरली. प्रयोगापर्यंत दोघांनी एकमेकांच्या दृष्टीसही पडू नये, म्हणून भट्टीच्या दारात एक उदमांजर नेमले गेले. ते येसूकडून फावडे घेई आणि ती दूर गेल्यावर कोंडाजीला देई.

"होतं तेही गेलं की हो, आचार्य!" येसू कळवळली. "आमची नावं काढून टाका."

"वा! हाच स्वर," आचार्य म्हणाले, "प्रयोगापर्यंत टिकवा."

महिन्याने प्रयोग झाला. भट्टी विझू नये म्हणून प्रेक्षकांत श्रमिक कोणी नव्हते. पहिल्या रांगेत महाराज होते. एकीकडून येसू आली, दुसरीकडून कोंडाजी. महिन्याभरात तो वाळला होता.

"घ्या," ती म्हणाली.

"दे," तो म्हणाला.

महाराज ढसाढसा रडले. मंत्री कोल्हा महाराजांकडे पाहून त्यांच्याहून थोडे कमी रडला.

येसूने धीर केला. ती रंगमंचाच्या कडेला आली. "महाराज, एवढं वाईट वाटतंय तर आम्हाला एका पाळीत घाला. दुसरं काही मागत नाही."

महाराजांनी डोळे पुसले. "एवढेच ना? अरे, कोण आहे रे तिकडे, आत्ताच्या आत्ता..."

"महाराज!" आचार्य किंचाळले. "मग नाटक कशावर करायचे?"

पुढल्या महिन्यात शेजारच्या जंगलाचा वाघ हे नाटक पाहायला येणार होता. महाराजांनी क्षणभर विचार केला आणि आज्ञा दिली, "हे दुःख आपल्या जंगलाचे वैभव आहे. या जोडप्याची पाळी आमरण बदलू नये."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरेपर्यंत येसू कोंडाजीकडे पाहत उभी राहिली. मग हात जोडून म्हणाली, "मग महाराज, प्रयोग तरी रोज लावा."

"पाहिलीत ही कलानिष्ठा!" आचार्य गहिवरून म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याचे दुःख पाहून अवश्य रडावे, त्याने मन निर्मळ होते. मात्र ते दुःख दूर करण्याचा उतावळेपणा करू नये. उद्या रडायचे झाल्यास आपण कोठे जाणार?