वजनाबद्दलचे एक वाक्य

सकाळी बायकोने पहिलेरावांचा लेख मोठ्याने वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला तिला चहाचा ठसका लागला.

"'सलग तीन तास खेळल्यावर हा गेम खाली ठेवणं अगदी जिवावर आलं.' अहो, तुम्ही कधी खेळलात तीन तास?"

"लेखात खेळलो की," पहिलेराव म्हणाले आणि पावाला लोणी लावू लागले.

"आणि हे काय? 'पडद्यावर लाट फुटली तेव्हा मी नकळत चष्मा पुसला.' तो डबा परवापासून कपाटावर पडलाय. फोटो काढायला बाहेर आला, तेवढाच."

"तेव्हा पुसला होता चष्मा. फोटोत चमकत होता म्हणून."

बायकोने कपाळाला हात लावला आणि पुढचे मनातल्या मनात वाचले.

पहिलेराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. बाजारात आलेली नवी वस्तू सर्वांच्या आधी हाताळायची आणि तिच्याबद्दल वाचकांना सांगायचे, असे 'पहिला हात' नावाचे त्यांचे सदर होते, त्यावरून कचेरीत हे नाव पडले. मिक्सर, इस्त्र्या, पाय दाबून देणारी खुर्ची, काय काय त्यांच्या हाताखालून गेले होते. म्हणजे गेले असे वाचकांना वाटत होते. प्रत्यक्षात कंपनीचे माहितीपत्रक वाचायचे आणि तेवढ्या सुतावरून स्वर्ग गाठायचा, हा त्यांचा शिरस्ता. वस्तू चालू करून पाहिली की बटणे सापडत नाहीत, डोके फिरते आणि ते फिरलेले डोके लेखात उतरते, असे त्यांचे स्वच्छ मत होते. वस्तू बदलतात, विशेषणे तीच राहतात.

या वेळची वस्तू म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचा नवा गेम. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणे. पहिलेरावांनी उभ्या आयुष्यात पत्त्यांपलीकडे काही खेळले नव्हते, तरी लेख झकास उतरला होता. फोटोसाठी गेम हातात धरला तेव्हा मनगट अवघडले, म्हणून सचोटीची फोडणी द्यावी तसे एक वाक्य त्यांनी त्यात टाकले होते, की गेम जरा जड आहे, हात भरून येतो.

पाव तोंडात असतानाच फोन वाजला. संपादकबाई होत्या.

"पहिलेराव, कंपनीचा माणूस माझ्यासमोर येऊन बसलाय. बाजारातला सगळ्यात हलका गेम आहे म्हणतो आमचा, चारशे ग्रॅमचा. तुम्ही जड कसा लिहिलात?"

पहिलेरावांच्या तोंडचे पाणी पळाले. बाई बाकी काहीही सहन करतील, पण छापून आलेली चूक त्यांना खपत नसे. ज्या सिनेमाचे सगळे खेळ रद्द झाले होते त्याच्या शेवटाने आपल्याला रडवले, असे लिहिणाऱ्या सिनेपरीक्षकाला त्यांनी त्याच दुपारी घरी बसवले होते. पन्नाशी उलटलेल्या पहिलेरावांना दुसरीकडे कोण उभे करणार? त्यांना 'पहिला हात' सोडून दुसरे काही येत नव्हते, आणि खरे सांगायचे तर तेही येत नव्हते.

"बघतो, बाई. तपासून सांगतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. चूक झाली, माफ करा, असे दोन शब्द म्हणून टाकायचे आणि सुटायचे, हे त्यांच्या मनात पक्के झाले होते. तसे केले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

पण बायको घरून केकच्या ऑर्डरी घेत असे आणि तिचा काटा ओट्यावरच होता. पहिलेरावांनी सहज म्हणून गेम डब्यातून काढून काट्यावर ठेवला, आणि त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. काटा साडेसातशेच्याही पुढे गेला होता.

"अगं, हे बघ! खरं आहे!"

"काय खरं आहे?"

"मी लिहिलं ते!"

बायकोलाही धक्का बसला. तिने काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केले, मग मैद्याचे सीलबंद पाकीट ठेवून काटाही तपासला. काटा चोख होता.

"आणि ह्याचा पडदा बघा, परवापासून चालूच राहिलाय," ती म्हणाली. पडद्यावर निळाशार समुद्र आणि होडीतला तलवारवाला दिसत होता. "बंद तरी करायचात."

"कुठून करतात?" पहिलेरावांनी पाच-सहा बटणे दाबून पाहिली. तलवारवाला ढिम्म हलला नाही. "जाऊ दे. परवापासून चालू आहे म्हणजे बॅटरीचंसुद्धा मी लिहिलं ते खोटं नाही!"

लिहिलेले खरे निघण्याचा अनुभव त्यांना अगदी नवा होता आणि तो त्यांच्या डोक्यात चढला. माफीबिफी ते पार विसरले. गेम डब्यात घालून, छाती पुढे काढून ते कचेरीकडे निघाले.

"अहो, नसत्या भानगडीत पडू नका. हात दाखवून अवलक्षण होईल!" बायको जिन्यातून ओरडली. पण सत्य बाजूला असलेल्या माणसाला ऐकू कमी येते.

संपादकबाईंच्या खोलीत कंपनीचा माणूस गुडघ्यावर चामडी बॅग घेऊन बसला होता. पहिलेरावांनी डबा टेबलावर आदळला.

"बाई, मी शब्दाला जागतो. टपालाचा काटा मागवा!"

टपालाचा काटा आला. त्यानेही साडेसातशेच्या पुढचाच आकडा दाखवला. कंपनीच्या माणसाचा चेहरा पडला.

"असं होणं शक्य नाही हो."

"काटा खोटं बोलतो? माझ्या घरचाही काटा खोटं बोलतो?" पहिलेरावांना आता आवरणे कठीण होते. "वाचकांना चारशे सांगायचं आणि हातात धोंडा द्यायचा!"

"सर, जरा बंद करून चालू करता का?" कंपनीचा माणूस चाचरत म्हणाला.

"बंद होतच नाही तो. परवापासून चालू आहे! तुमचं दुसरं काही नसलं तरी बॅटरी दणकट आहे, तसं मी लिहिलंय."

कंपनीच्या माणसाने दचकून गेम हातात घेतला, तिरपा धरला आणि त्याचा चेहरा पांढराफटक झाला. संपादकबाईंनी तो त्याच्याकडून काढून घेतला. पडद्याच्या कोपऱ्यावर त्यांनी नख घातले. समुद्राचा कोपरा सुटून वर आला. त्यांनी तो ओढला, तशी होडी, तलवार आणि तलवारवाला एका पापुद्र्यासकट निघून बाईंच्या बोटाला चिकटले. खाली नुसते काळे प्लास्टिक होते.

बाहेर ट्यूबलाइट बदलत असलेल्या वायरमनला बाईंनी हाक मारली. त्याने पाठीमागचे स्क्रू काढले, झाकण उचकटले आणि आतून एक लोखंडाची जाडजूड पट्टी टेबलावर पडली. ती हलू नये म्हणून चारी बाजूंनी स्पंज भरला होता.

"अरे देवा," कंपनीचा माणूस पुटपुटला. "हा शोकेसमधला आहे. पंख्याच्या वाऱ्याने पडू नये म्हणून आत लोखंड घालतो आम्ही. गोदामातून चुकून हाच आला." मग तो एकदम उठून उभा राहिला. "बाई, चूक आमची. वजनाबद्दल माझी काही तक्रार नाही. मी निघतो."

"बसा," बाई म्हणाल्या. तो बसला.

बाई पहिलेरावांकडे वळल्या. पहिलेरावांच्या पायाखालची जमीन कधीच सरकली होती, आता ते नुसते सवयीने उभे होते. बाईंनी वर्तमानपत्र उघडले, चष्मा चढवला आणि सावकाश वाचू लागल्या.

"'सलग तीन तास खेळल्यावर.' कशाशी खेळलात, पहिलेराव? ह्या पट्टीशी?"

बाईंनी पुढची ओळ वाचली.

"'बटणं बोटांखाली हळुवार दबतात. तळहात गरम होत नाहीत.' लोखंड गार असतंच म्हणा. 'डावखुऱ्यांनाही अडचण येत नाही. आणि तिसऱ्या टप्प्यावरचा राक्षस जरा जास्तच चिवट आहे.'" बाईंनी वर पाहिले. "हा राक्षस कुठे भेटला तुम्हाला?"

"बाई, माझं चुकलं," पहिलेराव कसेबसे म्हणाले. सदर गेले, पगार गेला आणि बायकोला काय सांगायचे, एवढेच त्यांच्या डोक्यात फिरत होते. "राजीनामा आत्ताच लिहून देतो."

"थांबा. किती चुका छापल्यात ते आधी मला मोजू दे. एवढ्यांची माफी छापायची तर पान लागेल." त्यांनी तांबडी पेन्सिल काढली आणि कंपनीच्या माणसाला विचारले, "खरा गेम आहे का तुमच्याकडे?"

कंपनीच्या माणसाने निमूटपणे बॅगेतून खरा गेम काढला, चालू केला आणि पहिलेरावांच्या हातात दिला. पहिलेरावांनी अंगठ्याने एक बटण दाबले. बटण लोण्यात बोट जावे तसे दबले. पडद्यावर समुद्र उसळला, एक लाट थेट त्यांच्या तोंडाकडे धावून आली आणि फुटली. पहिलेराव दोन पावले मागे सरकले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हं!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी एका ओळीसमोर बरोबरची खूण केली.

पहिलेरावांची होडी पुढच्या क्षणी बुडाली. पुन्हा सोडली, पुन्हा बुडाली. शेवटी बाई वैतागल्या आणि गेम वायरमनच्या हातात गेला. वायरमन डावखुरा निघाला. त्याला कसलीच अडचण आली नाही. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. बाई मधून मधून त्याचे तळहात चाचपत होत्या आणि खुणा करत होत्या.

"तिसऱ्यात आलो, बाई," वायरमन म्हणाला. मग तो ओरडला, "अरे बापरे!"

"काय झालं?"

"राक्षस आला!"

कंपनीचा माणूस खुर्चीतून ताडकन उठला. "सर, हे तुम्हाला कसं कळलं? माहितीपत्रकात राक्षसाचा उल्लेखच नाही. आम्ही मुद्दाम गुपित ठेवलं होतं!"

"तिसऱ्या टप्प्यावर काहीतरी असतंच हो," पहिलेराव क्षीण आवाजात म्हणाले. सगळ्यांत मोठा धक्का त्यांनाच बसला होता.

"चिवट आहे का?" बाईंनी पेन्सिल रोखून विचारले.

"फारच चिवट आहे. तिसऱ्यांदा मेलो मी," वायरमन मान वर न करता म्हणाला.

बाईंनी खूण केली. त्यांनी लेख वरून खाली पाहिला, मग खालून वर. बॅटरीचे कंपनीच्या माणसाने शपथेवर सांगितले, पडद्याचे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले, आवाजाचे बाहेरच्या खोलीतल्या लोकांनी दारात गर्दी करून सिद्ध केले. ओळीमागून ओळ बरोबर निघत गेली आणि बाईंचा चेहरा जास्तच गंभीर होत गेला. शेवटी त्यांनी वायरमनच्या हातातून गेम ओढून घेतला, तो सोडेना तरी घेतला, आणि टपालाच्या काट्यावर ठेवला. काटा चारशेवर थांबला.

"एकच चूक," बाई म्हणाल्या.

"एकच," कंपनीचा माणूस घाम पुसत म्हणाला.

"पहिलेराव, खरं सांगा. हे वजनाचं तुम्ही कशावरून लिहिलंत?"

"हातात घेऊन, बाई. तेवढं एकच मी प्रत्यक्ष अनुभवून लिहिलं होतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मनानेच."

बाईंनी एका कागदावर 'वजनाबाबत अनवधानाने चूक झाली' असे लिहिले आणि तो छापायला पाठवून दिला. कंपनीचा माणूस दोन्ही गेम उचलून दाराबाहेर पडला. वायरमन त्याच्या मागोमाग गेला.

राजीनाम्याचा विषय कोणी काढला नाही, तेव्हा पहिलेरावांच्या जिवात जीव आला. डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "बाई, तुमचे उपकार झाले. असं पुन्हा होणार नाही. शपथ घेतो, ह्यापुढे प्रत्येक वस्तू स्वतः वापरून बघेन, मगच लिहीन."

टेबलाच्या कडेला सकाळीच आलेला एक मोठा खोका होता. आपोआप फिरून फरशी पुसणारे यंत्र, असे त्यावर लिहिले होते. पहिलेरावांनी बाह्या सरसावल्या आणि तो उचलायला ते वाकले.

बाईंनी झटकन खोका आपल्याकडे ओढला, कपाटात ढकलला आणि कुलूप लावले.

"खबरदार हात लावाल तर," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत लेख द्या."