सांडलेल्या गव्हाच्या शेवया

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी गहू पिकवत होते. जंगलात शेती कशी, असं विचारू नका. शहरात राहून कितीतरी लोक कागदावर शेती करतात, त्यांना विचारता का कधी? मग गप ऐका.

त्या जंगलात डोंगराच्या उतारावर साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. तिचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, पण जिभेला काही झालं नव्हतं. तिच्या दोन वाफ्यांत खपली गहू यायचा. त्या गव्हाच्या ती शेवया करायची. तुमच्या आईला शेवया वाळवायला काठ्या लागतात, दोऱ्या लागतात. साळूबाईला देवानं काठ्या पाठीवरच दिलेल्या. ती उन्हाकडे पाठ करून बसायची, आणि लेकीसुना तिच्या काट्याकाट्यावर शेवया टाकायच्या. दुपार कलेपर्यंत कडक. त्यावर तिचं बीळ अख्खा पावसाळा काढायचं.

मग जंगलात गहू मंडळ आलं.

आता खोटं कशाला बोला, मंडळ उगीच आलं नव्हतं. त्याआधी सगळ्यांचा गहू घुशी घ्यायच्या. त्यांच्या पायलीला तळच नव्हता, खाली बीळ होतं. कितीही ओता, पायली भरायची म्हणून नाही. लोक रडकुंडीला आले तेव्हा सिंहानं मंडळ नेमलं. मंडळावर बगळा, मगर, घुबड आणि तरस. म्हणजे गहू न खाणारेच सगळे. गहू खाणाऱ्याला गव्हाचा मोह होतो, असं सिंहाचं म्हणणं.

मंडळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आणलेला गहू मंडळ नाकारत नाही. मागितलेला गहू मंडळ अडवत नाही.' वाचायला किती गोड. पण नियम असा, की पिकलेला सगळा गहू नदीकाठच्या यार्डात नेऊन मंडळालाच द्यायचा. बदल्यात चिठ्ठी मिळायची. चिठ्ठी दाखवून मंडळाच्या दुकानातून मीठ घ्या, गूळ घ्या, नाहीतर शेवया घ्या. शेवया नदीपलीकडच्या कारखान्यातून यायच्या, रंगीत पुड्यातून. पुड्यावर साळूबाईचं चित्र होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या वर्षी साळूबाईनं गहू दिला आणि पुडे आणले. दुधात टाकल्यावर त्या शेवयांची खळ झाली. पतंग चिकटवावेत अशी. नातवंडांनी पावसाळाभर ती चाटली आणि आजीकडे बघितलं. ते बघणंच साळूबाईला लागलं.

दुसऱ्या वर्षी तिनं वीस पायल्यांचं पोतं भरलं, तोंड शिवलं, दारात ठेवलं आणि त्याला टेकून बसली.

"हा गहू इथून हलायचा नाही," ती म्हणाली.

गहू दिला नाही तर पोतं जप्त आणि बीळही जप्त, असा मंडळाचा हुकूम होता. बातमी पसरली. तिच्या अंगणात सगळ्या शेतकऱ्यांची सभा भरली.

कानोबा ससा मंडळाच्या बाजूचा. तो म्हणाला, "साळूबाई, घुशींचे दिवस विसरलात वाटतं. आज लहानमोठ्याला भाव एक आहे. तुम्ही तुमची चांगली खपली घरी ठेवणार, उद्या दुसरा ठेवणार. मग मंडळात राहील कुणाचा गहू? माझा बारीक दाण्याचा. त्याला कोण कुत्रं विचारील?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. म्हणून तर साळूबाईला जास्त राग आला.

दणकोजी रानडुक्कर मंडळाच्या विरुद्ध. तो म्हणाला, "मंडळच उखडा. माझा गहू, माझा घाम. मी वाटेल त्याला विकीन."

"घुशीला विकशील," कानोबा म्हणाला.

"विकीन. तुझ्या बापाचं काय जातं?"

"बापाला मध्ये आणू नकोस. तुझ्या बापालाच घुशींनी उघडा केला होता."

असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी दोघेही साळूबाईकडे वळले. "तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"मला मंडळ मोडायचं नाही आणि पुजायचंही नाही," साळूबाई म्हणाली. "मला शेवया करायच्यात."

हे ऐकून दोन्ही बाजू तिच्यावर चिडल्या. बाळांनो, सभेत आपल्याला काय हवंय ते सरळ सांगू नये. लोकांना फार अपमान वाटतो.

इतक्यात मंडळाचे अध्यक्ष आले. धवलराव बगळे. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, डोळे मिटलेले. मागं वही आणि पायली घेऊन तरस.

"शेवया करायला मनाई कुठं आहे?" धवलराव मऊपणे म्हणाले. "फक्त त्या मंडळाच्या गव्हाच्या कराव्या लागतात. तुम्ही तुमचा गहू मंडळाला द्या. चिठ्ठी घ्या. मग चिठ्ठी परत देऊन तोच गहू घरी न्या. झाला तो मंडळाचा गहू."

"म्हणजे माझाच गहू मी तुमच्याकडून घ्यायचा?"

"नियम आहे."

"आणि हे पोतं नदीकाठच्या यार्डात कोण नेणार? माझे गुडघे?"

"मी उभा असेन तिथं यार्ड," असं म्हणून धवलरावांनी चोचीनं पोत्याच्या घराकडच्या बाजूला रेघ ओढली. "आता पोतं यार्डात आलं." मग त्यांनी ती पुसली आणि पोत्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरी ओढली. "आता घरात गेलं. पोतं हलवायलाच नको, आम्ही रेघ हलवतो. तरसा, लिही. जाताना तूट दोन पायल्या, येताना दोन. राहिल्या सोळा. चार पायल्या काढून घे."

तरस पोत्याची शिवण उसवायला वाकला.

"थांब रे," साळूबाई म्हणाली. तिचे काटे नुसते सळसळले, पण तरस थांबला. "साहेब, तूट म्हणजे काय?"

"वाहतुकीत सांडलेला गहू. दर फेरीला दोन पायल्या. पोतं असो की पसाभर, आकडा ठरलेला आहे."

"सांडला ना? मग वाटेवरून वेचून घ्या."

सभा हसली. धवलरावांनी एक डोळा उघडून रेघेकडे बघितलं. तिथं दाणा नव्हता, एक मुंगळा तेवढा होता. यार्डात ही तूट पोत्यातून निघून कुठं जायची, ते धवलरावांना ठाऊक होतं. तरसालाही होतं. पण भर सभेत सांगायचं कसं?

"लिही, सांडला," धवलराव तरसाला म्हणाले.

"आणि सांडलेला गहू कुणाचा हो?"

"कुणाचाच नाही," तरस घाईनं म्हणाला. "तो वहीतून वजा. त्याबद्दल मंडळाला कुणी काही विचारायचं नाही, नियम सातवा."

तो नियम मंडळानं स्वतःच्या सोयीसाठी केला होता. साळूबाईनं तो मनात घोळवला. शाळेत गेली नव्हती बिचारी, त्यामुळे तिचं डोकं शाबूत होतं.

"बरं," ती म्हणाली. "माझा सोळा पायल्या गहू मंडळाला द्यायचाय."

"आत्ताच परत घेतलात ना?"

"पुन्हा द्यावासा वाटतोय. भिंतीवर काय लिहिलंय तुमच्या, आणलेला गहू मंडळ काय करत नाही?"

"नाकारत नाही," सगळी सभा एका सुरात म्हणाली.

धवलरावांनी रेघ ओढली. मग दुसरी ओढली. राहिल्या बारा. साळूबाईला पुन्हा द्यावासा वाटला. राहिल्या आठ. मग चार. धवलरावांची चोच मातीनं काळी झाली, तरसाची बोटं दुखली. पाच वेळा गहू यार्डात गेला, पाच वेळा घरी आला, आणि वहीत शून्य पायल्या उरल्या. पोतं होतं तिथंच होतं. त्याची शिवणही उसवली नव्हती.

"साहेब, आता माझ्याकडे गहू किती?"

तरसानं वही उलटीसुलटी केली. "एक दाणाही नाही."

"मग जप्त काय करणार?"

धवलरावांनी पाय बदलला.

"ज्याच्या अंगणात सांडलं, त्यानं झाडून घ्यावं," साळूबाई म्हणाली. "सूनबाई, केरसुणी आण. आणि चाळण."

दुसऱ्या दिवशी पहाटेच कानोबा ससा आला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "साळूबाई, माझा बारीक दाण्याचा गहूसुद्धा सांडेल का हो?"

"रेघेला दाणा दिसतो का, कानोबा?"

महिन्याभरात अख्ख्या जंगलाचा गहू सांडला. धवलरावांना दारोदार रेघा ओढाव्या लागल्या. बेडूक पकडायला वेळ मिळेना. नदीपलीकडचा कारखाना गव्हाविना बंद पडला. आता सिंह आपल्याला फाडणार, या भीतीनं धवलराव वाळून काडी झाले.

वर्षअखेरीस सिंहानं वही मागवली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं.

"गेल्या वर्षी मंडळानं प्रत्येक पोतं एकदा घेतलं," सिंह म्हणाला. "यंदा पाच-पाचदा घेतलं आणि पाच-पाचदा दिलं. एवढा व्यवहार या जंगलात कधी झाला नव्हता. शाब्बास, धवलराव."

"महाराज, थोडं सांडलंय," धवलराव पुटपुटले.

"मोठ्या कामात सांडायचंच," सिंह म्हणाला, आणि त्यानं धवलरावांना शाल घातली.

कानोबा आणि दणकोजी अजूनही साळूबाईच्या अंगणात भांडतात. मंडळ असावं की नसावं, यावर रोज सभा भरते. दोघांची तोंडं शेवयांनी भरलेली असतात, त्यामुळे कोण काय म्हणतं ते नीट कळत नाही. साळूबाई सभेकडे पाठ करून बसते. उर्मटपणा नव्हे हो. ऊन त्या बाजूला असतं.

तात्पर्य : अन्न सांडू नये, असं तुम्हाला घरी रोज सांगतात. बरोबरच आहे, ताटातलं सांडू नये. पण सरकारी वहीत मात्र भरपूर सांडावं, नियमानं सांडावं, चारचौघांसमोर सांडावं, आणि झाडून घ्यायला केरसुणी आपल्या घरची ठेवावी.