इंदुमतीकाकूंची अत्यंत गंभीर मुलं

"ग्रँट आपलीच! लिहून ठेवा!" इंदुमतीकाकूंनी जाहीर केलं आणि हातातला अर्ज असा फडकवला, की शेजारच्या कूलरवाल्या भैयाला वाटलं, काकू माश्या मारतायत.

दिल्लीतली एक संस्था लहान लहान मंडळांना थोडी थोडी मदत द्यायची. कुणाला शिलाई मशीन, कुणाला हातपंप, कुणाला पुस्तकं. आणि काकूंचा रविवारचा मराठी वर्ग तर मदत मिळावी म्हणूनच जन्माला आला होता! झाशीच्या मानिक चौकातला एक बोळ, त्यात कूलरचं दुकान, दुकानामागे व्हरांडा, व्हरांड्यात एक फळा, तीन सतरंज्या आणि बावीस मुलं. व्हरांडा दुकानाचा. आणि भैयांनी हात जोडून सांगून टाकलेलं, "अम्माजी, गर्मी आ रही है. अगले महीने से यहाँ कूलर रखेंगे. बच्चों को कहीं और बिठा लो."

ग्रँट आली, तर चौकातच पंखा असलेली एक खोली भाड्याने मिळत होती. नाही आली, तर अकरा वर्षं चालवलेला वर्ग बंद!

म्हणून काकूंनी अर्ज लिहिताना हात आखडला नाही. 'बावीस मुले. एकालाही मराठीचे एक वाक्य धड बोलता येत नाही. परिस्थिती अत्यंत गंभीर आहे.' 'अत्यंत'खाली दोन रेघा. अकरा वर्षं शिकवूनही परिस्थिती इतकी गंभीर कशी, हा प्रश्न काकूंना पडला नाही. काकूंना प्रश्न पडत नसत.

तसं लिहिलेलं फार खोटंही नव्हतं. मुलांना मराठी कळायची सगळी. "जेवायला चल" म्हटलं की लगेच यायची. पण येताना म्हणायची, "आ रहे हैं ना!"

पत्र आलं. संस्थेच्या अनुया मॅडम पाहणीला येणार. काकूंनी व्हरांड्यात झाडून सगळ्या आया-आज्यांना बोलावलं.

"दिल्लीहून बाई येतायत, मुलांना बघायला. काही तयारी करायची नाही! मुलं नेहमीसारखीच राहू देत. समजलं ना?"

"समजलं, समजलं," सगळ्या म्हणाल्या.

इथेच घोटाळा झाला. झाशीतल्या मराठी घरात 'बघायला येणार' एवढं ऐकू आलं, की पुढचं 'नेहमीसारखं' कानात शिरतच नाही! पूर्वज फौजेबरोबर इथे उतरले तेव्हापासून प्रत्येक घराला एकच काळजी: शेजारच्या मराठी घरापेक्षा आपण जास्त मराठी दिसलो पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून दारं लावून तालमी सुरू झाल्या. कमळाकाकूंनी तर नातीला, म्हणजे जाईला, बजावलं, "मराठीत मागशील तर पोळी मिळेल." जाई सव्वा दिवस उपाशी राहिली आणि मग एका दमात म्हणाली, "आजी, मला दोन पोळ्या, वरण, आणि वर तूप वाढ!" कमळाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. कुणीच कुणाला सांगत नव्हतं.

रविवार उजाडला. अनुया मॅडम आल्या, चष्मा, वही, मोठी पाण्याची बाटली. मराठी चोख. समोरच्या मुलाला विचारलं, "काय रे, नाव काय तुझं?"

"माझं नाव हर्षित. मी सहावीत शिकतो. आपला प्रवास सुखाचा झाला ना?"

काकूंना ठसका लागला.

"अरे वा! आणि तुला काय आवडतं गं?"

"मला कैरीचं लोणचं आवडतं," जाई म्हणाली. "आपण आमच्याकडे जेवायला यावं, अशी माझ्या आजीची फार इच्छा आहे!"

मागे कमळाकाकूंची मान अशी ताठ झाली, जणू किल्ल्याचा बुरूज. मॅडम वहीत भराभर लिहीत होत्या. एकामागून एक मुलं उठत होती, टरबूज फुटावं तशी मराठी फुटत होती, आणि काकूंना डोळ्यांपुढे पंख्याची खोली दूर दूर जाताना दिसत होती.

"मॅडम, हे सगळं पाठ केलेलं आहे हो!" काकू पुढे सरसावल्या. "खरी परिस्थिती गंभीर आहे. थांबा, मी दाखवते. चैतन्य! इकडे ये!"

चैतन्य म्हणजे काकूंचा सख्खा नातू. वय वर्षं दहा. आठ दिवसांपूर्वीच त्याने भाकरीला 'वो काली रोटी' म्हटलं होतं. काकूंचा हुकमी एक्का!

"हा माझा नातू," काकू अभिमानाने म्हणाल्या. "याला काही म्हणजे काही येत नाही! विचारा, विचारा!"

"काय रे चैतन्य, खरं का हे?"

चैतन्यने आधी आईकडे पाहिलं. स्वरालीने हळूच मान हलवली.

"आजी, तू असं का म्हणतेस?" चैतन्य स्पष्ट आवाजात म्हणाला. "मला वाईट वाटलं."

काकूंचं डोकं फिरलं, आणि डोकं फिरलं की काकूंची मराठी पहिली पळते.

"काए लला, जो का कै रओ तैं?" काकू झाशीच्या खास बुंदेलीत कडाडल्या. "किसने सिखाया इसको?"

"मी शिकवलं," स्वराली घाबरत म्हणाली. "तुमचाच नातू मागे पडला, तर तुमचं नाक कापलं गेलं असतं ना, आई! आठवडाभर रोज समोसा द्यावा लागला."

"पण तुमच्या अर्जात तर..." मॅडमनी कागद काढला आणि मोठ्याने वाचला. "बावीस मुले. एकालाही मराठीचे एक वाक्य धड बोलता येत नाही."

आज्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"ये लिखा तुमने?" कमळाकाकू उठल्या. "हमारी जाई गूँगी है क्या?"

"अरे, खोली के लिए लिखा!"

"हमारा घराना दो सौ साल का! और तुम हमको दिल्ली में बदनाम करोगी?"

"दो सौ? हम तुमसे पहले आए थे!"

"झूठ! तुम्हारे लोग तो बाद में सामान लेके आए थे!"

मग सगळ्याच उठल्या. कुणाचे पूर्वज कुठल्या पलटणीबरोबर आले, कुणाच्या घरातली पुरणपोळी मैद्याची असते, कुणाच्या सुनेला 'ळ' म्हणता येत नाही, सगळं निघालं. आणि सगळं निघालं ते अस्सल हिंदीत! कूलरवाले भैया मधे पडायला आले आणि एवढे रंगले, की स्टूल घेऊन बसले. बावीस मुलं सतरंजीवर शहाण्यासारखी बसून मॅडमना मराठीत समजावत होती, "यांचं नेहमीच असं असतं हं."

मॅडम लिहीतच होत्या. शेवटी पाणी पिऊन, नमस्कार करून गेल्या. ऑटो कोपऱ्यावर वळली आणि चैतन्यने हात पुढे केला, "मम्मी, अब समोसा?"

तीन आठवडे कमळाकाकूंनी काकूंकडे पाहिलं नाही. काकूंनी फळा पुसून घरी नेला आणि पलंगाखाली ठेवून दिला. मग पाकीट आलं.

'मुलांसाठी मदतीची गरज आढळली नाही,' पत्रात होतं. काकू मटकन खाली बसल्या. 'मात्र मंडळातील ज्येष्ठांपैकी एकीलाही भांडताना मराठीचे एक वाक्य धड बोलता येत नाही. परिस्थिती अत्यंत गंभीर आहे.' 'अत्यंत'खाली दोन रेघा. 'सबब ज्येष्ठांच्या वर्गासाठी खोलीसह अनुदान मंजूर. शिकवण्याचे काम मुलांनी करावे.'

"मी म्हटलं होतं की नाही, ग्रँट आपलीच!" काकू दुसऱ्या क्षणाला उठून उभ्या राहिल्या आणि पत्र फडकवत कमळाकाकूंच्या दारात पोचल्या.

आता दर रविवारी पंख्याखाली वर्ग भरतो. तासभर शिकवायचं म्हणून बावीस मुलं आठवडाभर घरी मराठी घोकतात. काकूंना हे मनापासून पटलंय, नव्हे, ही आपलीच युक्ती होती असंही त्या हल्ली सांगतात. फक्त पहिल्या बाकावर बसायचं त्यांना जरा जड जातं.

परवाच त्यांनी हात वर केला. "सरजी, पानी पीने जाएँ?"

"मराठीत विचार, आजी," चैतन्य सर म्हणाले.

काकू तासभर तहानलेल्या बसल्या, पण कमळाकाकूंसमोर नातवाचं ऐकून मराठीत पाणी मागितलं नाही. काही झालं तरी, घराणं त्यांचं आधी आलेलं होतं!