डीनसाहेबांनी आ वासला

जांभई आली तेव्हा डीनसाहेब पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, कुलगुरूंच्या शेजारी बसले होते. एरवी ती त्यांनी ओठांच्या आत जिरवली असती. बैठकांना बसून बसून ती कला त्यांच्या अंगवळणी पडली होती. पण सकाळपासून वैद्यकीय महाविद्यालयातले एकेक सर्जन नव्या विद्यार्थ्यांना आपापलं खातं समजावून सांगत होते. हृदयवाले बोलले, मेंदूवाले बोलले, हाडवाल्यांनी तर जेवणाची सुट्टीच खाऊन टाकली. सगळ्यांत शेवटी उभ्या राहिल्या जबड्याच्या बाई.

महाविद्यालयात त्यांना सगळे याच नावाने ओळखत. त्यांचा विभाग म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या आणि त्या स्वतः. तो कान-नाक-घशात मिसळून टाकायचा, असं डीनसाहेबांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि कुलगुरूंच्या कानावरही घातलं होतं. त्यामुळे बाईंचं ऐकण्यासारखं त्यांच्या दृष्टीने काही उरलंच नव्हतं. त्यांनी हातरुमाल तोंडापुढे धरला आणि जांभई मनसोक्त दिली.

कानापाशी कट्ट असा आवाज झाला आणि तोंड मिटेना.

डीनसाहेबांनी हनुवटी हळूच वर ढकलून पाहिली. कळ थेट डोक्यात गेली. आयुष्यभर माणसांची पोटं उघडून पुन्हा मिटवलेल्या या माणसाला स्वतःचं तोंड मिटवता येईना. उठून जावं, तर सभागृह गच्च भरलेलं, आणि आ वासलेल्या डीनसाहेबांना बघायला सगळे विद्यार्थी टपलेले. त्यांनी रुमाल घट्ट धरला आणि बसून राहिले. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहू लागलं.

ते पाणी डावीकडे बसलेल्या हृदयवाल्यांनी पाहिलं.

"सर, अहो, रडताय तुम्ही?" ते कुजबुजले.

डीनसाहेबांनी मान हलवली. हृदयवाल्यांना ती होकारार्थी वाटली. त्यांनी मागे वळून सांगितलं, "डीन रडतायत." मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितलं.

"आपले डीन?"

"हो ना. बाईंचं भाषण ऐकून."

क्षणभरात मोबाइल खिशात गेले, पेंगणारे सरसावून बसले. असं काय बोलतायत बाई, म्हणून सगळं सभागृह कान देऊन ऐकू लागलं. व्यासपीठावरून बाईंना ही शांतता जाणवली. एरवी त्या घाईघाईत उरकायच्या, आज थोड्या सावकाश बोलू लागल्या.

"एक बसकंडक्टर होता," त्या म्हणाल्या. "अपघातात जबड्याचे तीन तुकडे झाले. मला वाटलं, विचारेल, चेहरा पहिल्यासारखा दिसेल का? त्याने कागदावर लिहून विचारलं, बाई, जेवण पातळ चालेल, पण मला स्टॉपची नावं ओरडता येतील ना?"

डीनसाहेब ऐकत होते. दुसरं काही करताच येत नव्हतं. आजवर तोंड हे त्यांना हुकूम सोडायचं साधन वाटत आलं होतं. आत्ता लाळ टायवर ओघळत होती, आणि त्या न पाहिलेल्या कंडक्टरची त्यांना एकदम ओळख पटल्यासारखी झाली.

त्यांनी कुलगुरूंकडे वळून तोंडाकडे बोट दाखवलं.

"पाणी?" कुलगुरूंनी तत्परतेने ग्लास पुढे केला, रुमालाखाली सारला आणि प्रेमाने तिरका केला. सगळं पाणी शर्टावर आलं, वर ठसका लागला. आता मागच्या रांगेतून मेंदूवाले वाकून पुढे आले.

"पाणी गिळता येत नाहीये. मला लक्षणं बरी दिसत नाहीत."

"माझ्या मते हृदय आहे," हृदयवाले म्हणाले.

"तुमच्या मते नेहमीच हृदय असतं! सर, लकवा नाही ना, बघू या. दोन्ही हात वर करा. अजून वर!"

डीनसाहेबांनी दोन्ही हात वर केले. रुमाल एका हातात फडफडला. मागून पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं, की रडून रडून शेवटी डीनसाहेबांनी हात उंचावून बाईंना दाद दिली. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात.

बाई गोंधळल्या. त्यांनी वाकून पहिल्या रांगेकडे पाहिलं. रुमाल बाजूला झालेला, तोंड सताड उघडं, त्यातून "आ… आ…" एवढंच येत होतं. बाई माइक तसाच सोडून खाली आल्या.

"जबडा निखळलाय. पाणी कोणी पाजलं यांना?"

कुलगुरूंनी ग्लास पाठीमागे लपवला.

बाईंनी हातमोजे चढवले, अंगठ्यांना कापड गुंडाळलं आणि ते खालच्या दाढांवर ठेवले. "सर, माझ्याकडे बघा. अंग सैल सोडा," त्या म्हणाल्या. आधी खाली दाब, मग मागे, आणि तोंड मिटलं. डीनसाहेबांना इतकं हलकं वाटलं, की आता खरोखरच रडू येईलसं झालं. बाईंनी हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी बांधली आणि बजावलं, "आता आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही."

पण कुलगुरू बोलले. त्यांनी माइक घेतला आणि भरल्या गळ्याने जाहीर केलं, की डीनसाहेबांच्या भावना आपण सर्वांनी पाहिल्याच आहेत, सबब जबडा विभाग कायम राहील. डीनसाहेबांनी पट्टीतून "हुं हुं" केलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या केबिनमध्ये जबडा तपासायला आल्या. दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपता चाचपता म्हणाल्या, "सर, एक सांगू? काल तुम्ही रडत नव्हता. जांभई देत होता. मला वरून दिसत होतं."

डीनसाहेबांनी नजर टेबलाकडे वळवली.

"त्याचं काही नाही. माझ्या भाषणाला लोक झोपतात, मला माहीत आहे. पण कंडक्टरचं सांगत होते तेव्हा तुम्ही ऐकत होता. तेही दिसलं."

एवढ्यात फोन वाजला. कानांवरून पट्टी गेलेली, म्हणून डीनसाहेबांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. कुलगुरू होते.

"तुम्ही बोलू नका, मीच बोलतो. काल मी जरा वाहवत गेलो हो. तुमचा मूळ विचार विभाग बंद करायचा होता ना? अजून फिरवता येईल. असं करा, टेबलावर एकदा टकटक केलंत तर विभाग राहील. दोनदा केलंत तर बंद."

बाईंनी हात काढून घेतले आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डीनसाहेबांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग बोट वाकवून टेबलावर एकदा ठोकलं.

"हॅलो? नीट ऐकू आलं नाही," कुलगुरू म्हणाले. "परत वाजवा."

डीनसाहेबांचं बोट हवेतच थांबलं. आणखी एक वाजवलं, तर कुलगुरू ते दोन धरणार. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई चटकन वळल्या, धावत आल्या आणि त्यांच्या हनुवटीखाली दोन्ही तळवे घट्ट धरून म्हणाल्या, "काय सांगायचंय ते सांगा. पण हळू."

"विभाग राहू दे!" डीनसाहेब ओरडले.