भाकरीखालचा पेपर

कडूबानं टेबलावर पाकीट आपटलं तेव्हा सूर्यभान काल चुकलेलं समीकरण आज नव्यानं चुकवत बसला होता.

"दाजी, सोडा ती माथेफोड! रविवारचा पेपर काढलाय. लई वळखीनं निघाला, कुणाला बोलू नका."

कडूबा हा सूर्यभानच्या बायकोचा धाकटा भाऊ. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली तरी ती आपल्याच वशिल्यानं मिळाली असं सांगणारा. सूर्यभान चितेगावच्या एका कंपनीत मशीन चालवायचा. चाळिशी उलटल्यावर त्यानं संभाजीनगरातल्या एका कॉलेजात संध्याकाळच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं. प्रवेश पक्का होता, पण रविवारी गणिताची चाचणी होती. पन्नासपैकी तीस पडले तर सरळ पहिल्या वर्षात, नाहीतर आधी सहा महिने पाया पक्का करायच्या वर्गात.

"मला नको," सूर्यभान म्हणाला. "दहावीला गणितात कॉपी करून पास झालो. पंचवीस वर्षं झाली, अजून कुणी टक्केवारी इचारली की घाम फुटतो. या बारीला जे पडतील ते माझे."

"ताई, बघ! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं," असं म्हणून कडूबा पाकीट तिथंच ठेवून निघून गेला.

वच्छलानं पाकीट उचलून फडताळात ठेवलं. भावाचा शब्द खाली पडलेला तिला खपत नसे, आणि नवऱ्याशी वाद घालून काही हाती लागत नाही हे अठरा वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं.

शुक्रवारी दुपारी कंपनीत सूर्यभाननं डबा उघडला. भाकरीखाली रोजच्या वर्तमानपत्राऐवजी पांढरा छापील कागद होता. ठेच्याच्या तेलातून अक्षरं चांगली ठळक उठली होती. 'एका हौदाला दोन नळ आहेत. पहिल्या नळाने...'

सूर्यभाननं गपकन डोळे मिटले, पण तोवर हौदाचं गणित वाचून झालं होतं. भाकर टाकावी तर अन्नाचा अपमान, कागद काढावा तर पुढचं दिसणार. शेवटी त्यानं डोळे मिटूनच जेवायचं ठरवलं. चार घास बरे गेले. पाचव्याला नाकावरची माशी हाकलताना ठेच्याचं बोट डोळ्यात गेलं.

समोर बसलेला भिकन घाबरला. "सूर्यभान, रडू काहून राहिला? घरी काय झालं का?"

"काय नाय, जेव तू."

"मंग डोळे तरी उघड!"

"कागद झाकल्याबिगर नाय उघडणार."

हे ऐकून भिकननं सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरनं सूर्यभानला दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरनं डोळे धुऊन औषध टाकलं आणि बजावलं, "रविवारपर्यंत वाचायचं नाही." सूर्यभानचे वर्गसमीकरणाचे दोन धडे अजून बाकी होते.

"तो कागद तू घातला?" घरी आल्या आल्या त्यानं विचारलं.

"पेपराची शाई भाकरीला लागती. कोरा दिसला, घातला," वच्छला म्हणाली.

"कोरा व्हता?"

"मागून व्हता."

शनिवारभर सूर्यभान डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून राहिला. हौद काही डोक्यातून जाईना. नको नको म्हणत असताना तो आपोआप भरत गेला आणि चहाच्या वेळेला काठोकाठ भरला. सहा तास. सूर्यभानला पाप केल्यासारखं झालं.

रविवारी पाचवा प्रश्न समोर आला, तोच हौद. सूर्यभान उभा राहिला.

"मॅडम, पेपर फुटलाय. हा परश्न मला आधीच ठाऊक हे."

वर्गात कुजबुज सुरू झाली. मॅडम त्याला बाहेर घेऊन गेल्या. त्यानं पुरावा म्हणून पिशवीत शुक्रवारपासून पडून असलेला तो तेलकट कागद काढून दिला आणि भाकरीपासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. कडूबाचं नाव मात्र सांगितलं नाही. मॅडमनी कागद दोन बोटांत धरून उजेडाकडं नेला आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो, हा सरावाचा पेपर आहे! गेटवर सगळ्यांना फुकट वाटलाय. यातले दोन प्रश्न आम्ही मुद्दाम तसेच देतो, सराव केलाय का ते कळावं म्हणून. तुम्ही सोडवला नाहीत?"

"नाय मॅडम," सूर्यभान म्हणाला. "लई कष्टानं टाळला."

या बोलण्यात पंधरा मिनिटं गेली. सूर्यभान जागेवर येऊन राहिलेली गणितं सोडवायला लागला, आणि हौदाकडं परत वळेपर्यंत घंटा झाली.

आठवड्यानं निकाल लागला. अठ्ठावीस. हौद चार मार्कांचा होता.

फलकासमोर सूर्यभान बराच वेळ उभा राहिला. सहा महिने पायाच्या वर्गात जाणार, याचं थोडं वाईट वाटलं. पण ते अठ्ठावीस मार्क त्यानं पुन्हा पुन्हा वाचले. गणितात स्वतःचे मार्क तो जन्मात पहिल्यांदाच पाहत होता, आणि त्याला फार बरं वाटलं. कुणी आता टक्केवारी विचारली असती तर त्यानं तिथल्या तिथं सांगितली असती. छप्पन्न.

घरी आला तर ओसरीवर कडूबा शेजारच्या नानासाहेबांना सांगत होता, "बाकीच्यांना नुस्तं पहिलं वर्ष देलं. आपल्या दाजीला वरून सहा महिन्यांची शिकवणी, ती बी फुकट! लई वळख लावावी लागली."

सूर्यभाननं चपला काढल्या. आत जाऊन वच्छलाला म्हणाला, "त्या पाकिटात अजून कागद राह्यले का?"

"तीन हेत."

"मंग उद्यापासून रोज एक घाल भाकरीखाली. छापील बाजू वर."