काचेच्या पेटीतली मळी

"पाव आटा, आई. फकस्त पाव आटा फिरवायचा," असं म्हणत युवराज पंधरा दिवस त्या यंत्रापुढं चावी पिळत उकिडवा बसत होता आणि यंत्र त्याला दाद देत नव्हतं.

बेळगावच्या घरात, हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी खाऱ्या पाण्याची काचेची पेटी आली होती. आत समुद्रातले खडक, फुलांसारखे डोलणारे जीव आणि चार मासे. पेटीखालच्या कपाटात आणखी एक लहान टाकी, आणि तिच्यात हे स्किमर नावाचं नळकांडं. ते पाण्यात बारीक हवा सोडी, फेस वर चढे, फेसाला धरून पाण्यातली घाण चढे आणि वरच्या कपात जमे. म्हणजे जमायला हवी होती. चावी सैल केली की कपात नुसतं पाणी, आवळली की फेस नळीतच रुसून बसे. घाण पाण्यातच राही आणि हॉलमध्ये पाऊल टाकलं की मासळीबाजार.

त्याच्या आईनं, अक्काताईंनी, हे यंत्र पहिल्याच दिवशी ओळखलं. निपाणीकडच्या गावात त्यांचे यजमान नागोजी हे रस आटवून गूळ करणारे नावाजलेले गुळवे होते आणि काहिलीतली मळी, म्हणजे उकळत्या रसावरची घाण, काढायला ते दुसऱ्या कुणाला झारा देत नसत, अक्काताईंनाच देत. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालायचं. सगळी मळी फेसाबरोबर वर येते. मग ओढायची.

"म्हंजे मळी काढतोस म्हन की," त्या म्हणाल्या. "मग भेंडी कुठं हाय रं?"

युवराज हसला. "आई, ह्ये गुऱ्हाळ न्हवं. ह्ये सायन्स हाय."

दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईला सायन्स सांगणारा हा मुलगा गुळाच्या ढेपांवरच इंजिनिअर झाला होता. ते हसू अक्काताईंनी पदराला गाठ मारून ठेवलं.

खरं तर पेटीशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. चारचौघांत त्या तिला डबकं म्हणत, पण मेथी निवडायला रोज तिच्याच समोर बसत. पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा आपला कोपरा सोडत नसे आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाई. हुबेहूब त्यांचे थोरले दीर. म्हणून त्याचं नाव भरमू. सगळ्या घराची गाऱ्हाणी भरमू काचेला तोंड लावून ऐकून घेई. घरात बोलताना मोबाईल न बघणारा तेवढा एकच.

शुक्रवारी सूनबाईंचा, रूपालीचा, निकाल लागला. ती शाळेत मास्तरीण. तिचे निकाल फिरत नसत. "रविवारपर्यंत वास गेला तर ठीक. न्हाईतर पेटी नागेंद्रभावजींच्या घरी." नागेंद्र हा युवराजचा या छंदातला गुरू. त्याच्या घरी अशा तीन पेट्या होत्या आणि चौथीला जागा मोकळी होती.

शनिवारी सकाळी युवराज कारखान्यात गेला, रूपाली शाळेत. अक्काताईंनी फ्रिजमधली भेंडी काढली, ठेचली, पाण्यात कुस्करली, फडक्यातून पिळली आणि तांब्याभर चिकट पाणी खालच्या टाकीत ओतलं.

"बघ आता," त्या भरमूला म्हणाल्या.

मळी आली. अशी आली की दोन मिनिटांत कप भरला, चौथ्या मिनिटाला झाकण उचललं गेलं आणि तपकिरी फेस कपाटाच्या दारातून रांगत बाहेर निघाला. अक्काताईंनी स्वयंपाकघरातला झारा आणला. कित्येक वर्षांनंतर हात चालू लागला. ओढ, बादलीत टाक. ओढ, टाक. शेजारची जयाबाई दारात आली.

"आक्का, साबन सांडला व्हय गं?"

"मळी आलीया. उभी काय ऱ्हातीस? बादली आन."

"अगं, आदी बटन तर बंद कर!"

"मळी निघस्तवर जाळ कुनी वडत न्हाई, जये!"

फेस चपलांवरून, गालिच्यावरून रूपालीच्या टीपॉयपर्यंत पोचला. तिथं सहावीच्या परीक्षेचे पेपर होते. काहील उतू जाऊ लागली की काय करतात हे अक्काताईंना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातून शेंगतेलाची बाटली आणली आणि टाकीत चार थेंब सोडले. फेस जागच्या जागी बसला. यंत्र गप्प. पाणी मात्र नुसतं आरशासारखं, आणि वासाचं नाव नाही. भरमू काचेला येऊन बघत होता.

पण दुपारी रूपाली आली ती ओल्या गालिच्यावरून घसरतच. सहावीचे पेपर गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर, चिमटे लावून, वाळत होते.

"ह्ये मशीननं केलं?" तिनं विचारलं.

अक्काताईंनी पंख्याकडं पाहिलं. "कुनास ठाव. येकायेकी सुटलं बघ."

रूपालीनं तिथूनच नागेंद्रला फोन लावला. "वास गेला तरी चालणार न्हाई आता. उद्या घेऊनच जा."

म्हणजे भरमू राहावा म्हणून केलं आणि भरमूचीच पाठवणी ठरली. अक्काताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सांगावं, तर सायन्सवाला जन्मभर हसेल. न सांगावं, तर मेथी कुणासमोर निवडायची?

रविवारी नागेंद्र दोन मोठे टब घेऊन हजर झाला. युवराज मान खाली घालून उभा. नागेंद्रनं आधी स्किमर उतरवला. भरमू काचेला आला. अक्काताई उठल्या.

"थांबा. मला येक सांगायचं हाय."

"युवराज!" त्याच क्षणी नागेंद्र ओरडला. त्याच्या बोटावर एक पांढरट, गोल दाणा होता. कपाच्या तळाशी सापडलेला. "अंडं हाय लेका ह्ये! जोडी जमली तुझी! ही नारिंगी हाय न्हवं, ती मादी."

भरमू भावजींना स्वर्गात हे कळायला नको, असं अक्काताईंच्या मनात येऊन गेलं.

"आता पेटीला हात लावायचा न्हाई," नागेंद्रनं टब परत दाराबाहेर ठेवले. "घर हलवलं की अंडी सोडून देतात. पाणी बी काय झालंय बघ! कसं जमवलंस?"

युवराजची मान वर आली. "चावी. पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं. धीर पायजे मानसाला."

अक्काताईंनी दात आवळले. एवढे त्यांनी बाळंतपणातही आवळले नव्हते.

रूपालीनं तो दाणा नागेंद्रच्या बोटावरून घेतला, उजेडाला धरून पाहिला, अंगठ्यानं जरा दाबला. मग तिनं सासूकडं पाहिलं. सासू पंख्याकडं बघत होती.

"आत्या, काय सांगनार हुता?"

"मी? चा ठेवते म्हनलं."

"चला, मी बी येते."

स्वयंपाकघरात रूपालीनं आधण ठेवलं. फ्रिज उघडला, भाजीचा रिकामा कप्पा बघितला, बंद केला. हॉलमध्ये युवराज नागेंद्रला अंड्याचा फोटो गावभर पाठवायला सांगत होता.

"आत्या," रूपाली हळूच म्हणाली, "पुढच्या खेपेला पेपर उचलून ठेवा. आनि फडकं दुहेरी घ्या, भेंडीचं बी खाली जातंय."

अक्काताईंनी साखरेचा डबा तिच्यापुढं सरकवला.

"दुहेरीच घेतलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरातली फडकीच विरल्यात."