मंडईच्या दिवसांतला दवाखाना

मंडईची तारीख बदलल्याचं कैलाशला पानठेल्यावर कळलं आणि उरलेले सुट्टे पैसे न घेताच तो तडक घरी आला. दामिनी शिलाई मशीनवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होती.

"दामिनी, घोटाळा झाला! मंडई आठ दिवस पुढं ढकलली. नाटक कंपनीची तारीख भेटली नाही म्हणते."

मशीनचं चाक थांबलं. "आठ दिवस पुढं म्हणजे?"

"म्हणजे आपण तिकडं बँकॉकात, आन इकडं दिघोरीत मंडई!"

"तिकिटाचे पैसे वापस भेटत नाही," दामिनी शांतपणे म्हणाली. "म्हणूनच तं एवढे स्वस्त होते."

ज्यांना मंडई म्हणजे भाजीबाजार वाटतो त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, आणि या दोन्हींहून मोठी गोष्ट म्हणजे पाहुणे. मंडईला ज्याच्या घरी पाहुणे नाहीत, त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय असं गाव धरूनच चालतं. कैलाशकडे कमीत कमी तीस माणूस असायचं, आणि तीस माणसांचे वडे, रस्सा, भात आणि मोजता न येणारे चहा करायला बायका दोन: मोठी सून रूपा, म्हणजे कैलाशची वहिनी, आणि धाकटी दामिनी. लग्नाला चोवीस वर्षं झाली, चोवीस मंडया झाल्या. दामिनीनं त्यात एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. पडदा वर जायचा तेव्हा ती भांडी घासत असायची.

तिला बँकॉकच पाहिजे होतं असंही नाही. तिला असं गाव पाहिजे होतं, जिथं आपलं कोणीच राहत नाही. नागपूरला गेलं तर नणंद, रायपूरला मावससासू, पुण्याला भाचा. जावं तिथं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून "द्या, पोळ्या मी लाटते" म्हणावंच लागायचं. अख्ख्या भारतात नातेवाईक नसलेलं गाव सापडेना, तेव्हा बाई हद्दीबाहेर बघू लागली.

दोन वर्षं तिनं ब्लाऊज शिवले. नागपूरला शिकणाऱ्या टीनानं, म्हणजे तिच्या लेकीनं, मोबाईलवर स्वस्त तिकिटांवर पाळत ठेवली. नागपूरहून हावड्यापर्यंत स्लीपरनं, पुढं कलकत्त्याहून विमान, माणशी सात किलोची एकच बॅग. खोली अशी शोधली की तिला खिडकीच नव्हती. कैलाश कुरकुरला तर म्हणाली, "खिडकी कायले पायजे? खोलीत बसाले चाललो का आपण?" तारखाही तिनं मंडई टाळूनच घेतल्या होत्या. आता नाटकवाल्यांनीच दगा दिला, त्याला ती काय करणार!

"तुमी मोठ्या भाऊजीले सांगून टाका," दामिनी म्हणाली.

"काय सांगू? मंडई सोडून बायकोले घेऊन बँकॉकले चाललो? बँकॉकचं नाव काढलं का आमच्या कॉलेजातले लोक मले डोळा मारते!"

कैलाश लाखांदूरच्या कॉलेजात बाबू होता. फायली सांभाळण्यात वाघ, पण मोठ्या भावासमोर त्याची शेळी व्हायची. भाऊ दादाजी शेजारच्याच घरात राहायचा आणि मंडईच्या कमिटीत होता. कैलाश गेला तेव्हा तो पाहुण्यांची यादी करत बसला होता.

"भाऊ, त्या तारखेले आमी नसू. दामिनीले घेऊन जा लागते... नागपूरले."

"कायले?"

इथंच घात झाला. खरं जिभेवर होतं, पण भावानं चष्म्यावरून पाहिलं आणि कैलाशच्या तोंडून निघून गेलं, "दवाखान्यात. तपासण्या आहेत."

दादाजीनं पेन खाली ठेवला. "कायच्या तपासण्या?"

"सगळ्याच," कैलाश म्हणाला.

गावात 'सगळ्याच' या शब्दाचा अर्थ फार वाईट होतो. दिवस मावळायच्या आत शेजारची चंद्रकला डोळ्यांना पदर लावून दामिनीच्या दारात हजर झाली. दुसऱ्या दिवसापासून रीघच लागली. कोणी काढा सांगितला, कोणी वैदू सांगितला, कोणी आपल्या नात्यातल्या बाईला असंच झालं होतं ते सांगितलं आणि ती पुढं वारली हेही सांगितलं. आलेल्या माणसाला चहा न देता कसं धाडायचं? दामिनी प्रत्येक वेळी उठून चहा मांडायची. आजारी बाईच्या हातचा चहा पिऊन लोक तिच्याच आजारावर हळहळत होते.

"चेहरा पाय कसा उतरला पोरीचा!" चंद्रकला म्हणाली. उतरणारच होता. सकाळपासून तो सतरावा चहा होता.

तिसऱ्या दिवशी मात्र रूपा आली आणि तिनं दामिनीच्या हातातून चहाचं पातेलं काढून घेतलं. "बस तू. हाललीस तं पाय मंग!" तिनं पाटावर बसवलं, चहा केला, बशीत ओतून हातात दिला. आपल्याच स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या हातचा चहा दामिनी पहिल्यांदा पीत होती. तो खोटेपणानं मिळाला होता, आणि तो देणारी स्वतः कंबर धरून उभी होती. दामिनीला भडभडून रडू आलं.

रूपानं ते रडू पाहिलं आणि तिची खात्रीच पटली की दुखणं मोठं आहे. ती तशीच उठून दादाजीसमोर गेली. कैलाशही तिथंच होता.

"मी जाईन दामिनीसंग. दवाखान्यात बाईमाणूस पायजे."

कैलाशला घाम फुटला. "नाही जमत वहिनी! त्या दवाखान्यात संग कोणालेच राहू देत नाही, भेटालेबी येऊ देत नाही. पेशंट एकटाच राहते."

"कोणालेच नाही?" दादाजीनं विचारलं.

"कोणालेच नाही."

"पक्कं?"

"बोर्ड लावला आहे तसा!" कैलाशनं ठासून सांगितलं. खोटं एकदा अंगवळणी पडलं की माणूस त्यावर बोर्डही लावतो.

"मंग तू तिथं काय गेटवर झोपशीन?" दादाजी म्हणाला. "तिले सोडून देऊ आन आपण वापस येऊ. मंडईले घरचा माणूस पायजे इथं. गाडी मी सांगतो."

स्वतःचं तिकीट कैलाशनं स्वतःच फाडलं होतं.

घरी येऊन तो खाटेवर बसला. दाराबाहेर त्याची माय रुखमाबाई वाती वळत होती. "जाऊ दे दामिनी. पैसे गेले तं गेले. पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या वर्षी मंडई नाही का?"

कैलाश खाटेची सुटलेली सुतळी ओढू लागला.

"मी एकटी जाईन," दामिनी म्हणाली.

"येडी झाली का तू? तुले इंग्रजी येते का?"

"तुमाले तरी कुठं येते? स्टेशनातून कोण्या बाजूनं निघाचं, किती नंबरच्या बशीत बसाचं, सारं पाठ आहे मले. दोन वर्षं दुसरं केलं काय मी?"

"भेव नाही वाटत?"

"वाटते ना. लय वाटते." तिनं हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "पण मले चार दिवस असे पायजे, का मी उठली काय आन नाही उठली काय, कोणाचं अडणार नाही. तिथं हरवली तं मीच मले शोधीन. इथं चोवीस वर्षं चुलीपाशी हरवली आहो, तं कोणाले इचाराचंबी सुचलं नाही."

कैलाश वाईट माणूस नव्हता हो. पगार आणून हातात देणारा, आवाज न चढवणारा नवरा. पण विचारलं नव्हतं हे खरंच होतं. तो उठला आणि टीनाला फोन लावला.

मंडईच्या दोन दिवस आधी दादाजीच्या गाडीनं दामिनी नागपूरला निघाली. रूपानं डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा मांडीवर ठेवला. दवाखान्याच्या गेटवर दादाजीनं इमारतीकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "घाबरू नको, बाई. मंडईची चिंता करू नको." दामिनीला मान वर करून त्याच्याकडे बघवलं नाही. ती समोरच्या दारानं आत गेली, केसपेपरच्या रांगेला वळसा घातला आणि मागच्या गेटनं बाहेर पडली. तिथं टीना ऑटो घेऊन उभी होती. लाडवांनी बॅग सात किलोच्या वर गेली होती, म्हणून दहा लाडू पुरते ठेवून डबा लेकीला दिला.

मंडईच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत कैलाशकडे एकोणीस पाहुणे टेकले होते. रूपा एकटी कढईसमोर होती. कैलाश स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घुटमळला आणि मग आत शिरला. "सांगा वहिनी, काय करू?"

"भाऊजी, तुमी?" रूपा बघतच राहिली. "चहा मांडा बरं."

चहा काय, कोणीही करील, असं कैलाशला आजवर वाटत होतं. आता कळलं की चार बिनसाखरेचे, तीन कमी साखरेचे, एकाला आलं चालत नाही, एक नुसता दुधाचा, आणि हे सगळे देऊन झाले की पहिले चारजण दुसऱ्यांदा मागतात. दुपारपर्यंत त्याची पाठ धरली. कणीक तिंबताना खिशातला मोबाईल वाजला. त्यानं पिठाच्या हातानंच उघडला.

"पोचली. खोलीले खरंच खिडकी नाही. दोन घंटे झोपली. कोणीच उठवलं नाही."

त्यानं तो निरोप तीनदा वाचला. बाहेरून दादाजीनं हाक मारली, "कैलाश, पाहुणे इचारून राहिले, कशी आहे दामिनी?"

"बरी आहे!" कैलाश ओरडला. "झोप लागली म्हणते तिले!"

ओसरीवर सगळ्यांनी "चला, बरं झालं" म्हणून सुस्कारा सोडला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: "बोटीत बसली. बाजूच्या बाईनं काहीतरी इचारलं, मले समजलं नाही. मी हसली, तेबी हसली. लाडू देला तिले." कैलाशला हसूही आलं आणि तिच्या शेजारी आपण नाही याचं मनापासून वाईटही वाटलं.

आठव्या दिवशी तो तिला नागपूरहून घेऊन आला. अंगणात गाडी थांबायच्या आत बायका जमल्या. दामिनी उतरली. उन्हानं थोडी रापली होती, पण डोळे स्वच्छ, पाठ ताठ, चालणं हलकं. चंद्रकलानं तोंडावर हात ठेवला.

"अवो माय! हे तं दहा वर्षांनं लहान होऊन आली! कोणता दवाखाना होय तो?"

कैलाशला ठसका लागला.

"मलेबी दाखवाचं आहे," चंद्रकला पुढं म्हणाली. "मंडई जवळ आली का माहं डोकं धरते."

"माही कंबर," दुसरी म्हणाली. तिसरीला झोप लागत नव्हती. रूपा मागं उभी होती. दामिनीनं तिच्या हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत गरम तेलाचे डाग होते, वड्यांचे.

बायकांसोबत ओसरीवर येऊन दामिनीनं पाणी पिऊन घेतलं आणि सावकाश म्हणाली, "दवाखाना दूर आहे. एकटीनं गेलं तं महाग पडते. चौघीपाचजणी मिळून गेलो तं खोलीचं स्वस्त होते."

"किती दिवस राहा लागते?"

"चार. जाणं-येणं वेगळं. आन संग कोणाले येऊ देत नाही."

"गड्यायले? नवऱ्यायलेबी?"

"गड्यायले तं बिलकूलच नाही."

"असा कसा दवाखाना बाप्पा?" दारातून दादाजी म्हणाला. कैलाश छताचे वासे मोजू लागला.

कोपऱ्यात रुखमाबाई, कैलाशची माय, तांदूळ निवडत होती. एवढ्या पंधरा दिवसांत तिनं या आजाराबद्दल एक शब्द काढला नव्हता. तिनं सूप बाजूला सरकवलं.

"कैलाश, माहंबी नाव टाक त्यात. आन पासपोर्टले आधार कार्डावरचा जुना फोटो चालते का रे, का नवीन काढा लागन?"

दादाजी "पासपोर्ट? पासपोर्ट कायले?" म्हणत एकेकीच्या तोंडाकडे बघू लागला. उत्तर द्यायला कोणाला सवड नव्हती. बायका दामिनीच्या जवळ सरकून बसल्या होत्या, आणि सगळ्यांत आधी रूपा.